पाइपातलं दावं

"पिंजरेवाले, तुमच्या पिंजऱ्याला कुठेतरी भोक आहे," हेतल मॅडम फोनवर म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सकाळी शेळी परत येतेय. तुम्हीपण या."

डहाणूच्या एका ट्रस्टच्या जनावरांच्या हॉस्पिटलात मॅडम डॉक्टर आहेत. घरी गुजराती, कामावर मराठी, चिडल्या की दोन्ही एकदम. आणि पिंजरेवाला म्हणजे मी. एमआरआयच्या खोलीला भिंती, छत, फरशी, दार, सगळीकडून तांब्याचा पत्रा मारायचा, हा माझा धंदा. त्याला आरएफ शिल्डिंग म्हणतात. एमआरआय मशीन शरीरातून येणारे अगदी क्षीण रेडिओ सिग्नल ऐकतं आणि त्यावरून आतलं चित्र बनवतं. बाहेर मोबाईल, आकाशवाणी, बोटींवरचे वायरलेस यांची अखंड बडबड चालू असते. ती आत शिरली की चित्रावर रेघा उठतात.

शेळी होती उधव्याच्या जानकीमावशींची. नाव चिमणी. बिचारीची मान एका बाजूला कललेली आणि ती गोल गोल फिरायची. डोक्यात पाण्याची गाठ असावी, असा मॅडमचा अंदाज. गाठ काढता येते, पण ती नेमकी कुठे आहे ते कळायला हवं. आधीच्या स्कॅनमध्ये बरोबर मेंदूवरूनच रेघा गेल्या होत्या.

"आज शेवटची भूल," सकाळी मी पोचताच मॅडमनी बजावलं. "तिच्यात ताकद राहिलेली नाही. आज चित्र मिळालं नाही तर मी काही करू शकणार नाही."

शेळी यायच्या आधीच मी मशीनमध्ये फँटम ठेवला. नाव भारी, पण असते ती पाण्याची बाटली. चित्र कसं यायला हवं ते आधीच माहीत असतं, म्हणून टेस्टला बरी. चित्र आलं स्वच्छ, एक रेघ नाही. मी कॉलर ताठ केली.

"पिंजरा ठणठणीत आहे, मॅडम."

मग चिमणीला भूल दिली, आत घेतली, दार लावलं. स्क्रीनवर रेघाच रेघा.

"बघा!" मॅडम म्हणाल्या.

दार नीट बसलं नसेल, असं मला वाटलं. दाराच्या कडेला पितळी पट्ट्या असतात, त्या चौकटीला टेकल्या नाहीत तर फट राहते. पट्ट्या पुसल्या, दार दाबून लावलं. पुन्हा रेघा.

"पण बाटलीला तर..." मी सुरुवात केली.

"भाई, बाटलीला एमआरआयची गरज नाहीये. शेळीला आहे!"

टेक्निशियन प्रकाश खाली बघत होता. हसू दाबत असावा. आत एक जीव भूल घेऊन पडलेला, आणि मी पट्ट्या पुसतोय. रेडिओची गळती हुडकायचा छोटा रिसीव्हर उचलला आणि खोलीला बाहेरून फेरी मारायला निघालो. मागच्या व्हरांड्यात पोचलो आणि थबकलोच.

तिथे भिंतीतून एक लांब, अरुंद धातूचा पाइप आत जातो. भुलीची नळी त्यातून न्यायची. एवढ्या चिंचोळ्या पाइपातून रेडिओला आत जाता येत नाही, फक्त त्यात धातूची वस्तू घालायची नाही. त्या नळीशेजारून एक दावं बाहेर आलं होतं. त्याचं टोक मुठीत घट्ट धरून जानकीमावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मावशी, हे काय?"

"दावं."

"ते दिसतंय. पण पाइपातून कशाला?"

"शेळी आत, मी भायेर. मंग दावं कोन धरील?" मावशींनी मलाच विचारलं. "बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात दिलं का जनावर गेलं. आजारी शेळीचं दावं सोडू? नाय सोडनार."

प्रकाश धावत मागे आला. "ऐकतच नव्हत्या, सर. मग मागच्या वेळी आणि आजही मीच पाइपातून काढून दिलं. पण मॅग्नेट लावून बघितला होता हां! चिकटला नाही. लोखंड नाही त्यात."

मी दावं चिमटीत धरून पिळलं. आत काहीतरी कडक लागलं.

"तार हाय," मावशी म्हणाल्या. "पंपाची मोटार जळाली, तिची. नुसत्या सुतळीचं दावं ही चावून टाकते."

मोटारीची तार म्हणजे तांबं. तांब्याला मॅग्नेट चिकटत नाही, पण रेडिओसाठी ती आयती अँटेना. रेडिओ बाहेर ठेवायला मी खोलीभर तांबं मारलं होतं, आणि मावशींनी तांब्यानेच त्याला हात धरून आत आणलं होतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. ती तार आत तापली असती तर चिमणीला चटका बसला असता.

"दावं काढा," मॅडम म्हणाल्या.

"नाय," मावशी म्हणाल्या.

प्रकाश धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातला, घरची मासेमारी. त्याच्या स्कूटरच्या डिकीत जाळ्याची नायलॉनची बारीक दोरी निघाली. तिच्यात धातूचा कण नाही, पाइपातून बिनधास्त जाते. मावशींनी आत जाऊन आधी ती स्वतःच्या हाताने गळ्यात बांधली, मगच जुनं दावं सोडलं. नव्या दोरीचं टोक पाइपातून बाहेर घेतलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या.

चित्र आलं. रेघ नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गोल, पांढरी गाठ.

"मळी गई! सापडली!" मॅडम ओरडल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. चष्मा पुसतोय असं दाखवलं.

ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात मी दाराचं काम बघायला गेलो, तेव्हा मावशी चिमणीला दाखवायला आल्या होत्या. मान सरळ, डोळे मिश्कील. गळ्यात तीच नायलॉनची दोरी.

"धर जरा," म्हणत मावशींनी टोक माझ्या हातात दिलं. "चहा पिऊन येते."

"मावशी, दावं दिलंत म्हणजे शेळी माझी झाली की!"

"तू काय बाजारात भेटलास? तू आपला मानूस."

मी असा काही फुशारलो की विचारू नका. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांना त्या पाइपाचं शास्त्र पुन्हा एकदा, हातवारे करून, सविस्तर समजावलं. बोलून झालं आणि खाली बघितलं, तर हातात वीतभर दोरी. चिमणी अंगणापलीकडे मॅडमच्या पपईच्या रोपांत होती. तिथवर अगदी सरळ रेषेत चालत गेली होती.

मावशी चहाचा ग्लास घेऊन उभ्या. "तार काय उगाच वळली व्हती?"

आता प्रत्येक नव्या साइटवर मी दोन सूचना देतो. पाइपात तार घालू नका. आणि पाइपाबाहेर शेळी असेल, तर तारेशिवाय बांधू नका.