फळीमावशी आणि एक वाजताची लढाई

खिळा तीन ठोक्यांत आत गेला पाहिजे, चौथा ठोका म्हणजे लाकडाचा अपमान, असं मानणारी एक बाई आमच्या गल्लीतल्या खोक्यांच्या कारखान्यात आहे. यंत्रं भरून पाठवायची मोठमोठी लाकडी खोकी ती बनवते. सगळे तिला फळीमावशी म्हणतात, पण हे नाव खोक्यांमुळे पडलेलं नाही. ते पडलं आठ दिवसांच्या एका लढाईत, आणि त्या लढाईचं मूळ मीच होतो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

कारखान्याच्या फाटकाशी डांबर नावाचा कुत्रा राहतो. काळाकुट्ट, कानाचा लचका गेलेला, नऊ वर्षांचा. पिल्लू असताना तो भुशाच्या ढिगात सापडला आणि तेव्हापासून मावशीच्या बाकाखाली झोपतो. मावशीला मूलबाळ नाही. कुणी खोदून विचारलंच तर ती डांबरकडे बोट दाखवते आणि म्हणते, हा शिकला नाही, पण कामाला तरी लागला.

समोरच्या गोदामाच्या राखणदाराने नवीन कुत्रा आणला. नाव बिस्कीट आणि देह भरल्या पोत्याएवढा. पहिल्याच आठवड्यात दोघांची जुंपली आणि मग रोजच. दुपारी एकचा भोंगा झाला की सुरू. घड्याळ लावून घ्यावं.

एक वाजताच का, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर गल्लीत जनावरांसाठी भांडणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं कचेऱ्यांच्या दारात भांडून शिकलो. माझ्यासमोर कुत्र्यावर कुणी दगड उचलला तर तो दगड मी त्याला खिशात घालून घरी न्यायला लावतो.

त्या सोमवारी भोंगा झाला, जुंपली, आणि मी धावत जाऊन बिस्कीटचा पट्टा धरला. त्याने मान वळवली. माझ्या डाव्या मनगटाला दोन भोकं. मी त्याला दिसलोही नव्हतो. मागून काहीतरी ओढतंय एवढंच त्याला कळलं होतं. राखणदाराने भरलेली बादली दोघांच्या तोंडावर ओतली तेव्हा ती सुटली.

मावशीने मला दंडाला धरून नळापाशी नेलं. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळात बघून पंधरा मिनिटं. मी म्हणत होतो, खरचटलंय नुसतं.

"पुढारी," ती म्हणाली, "चवताळलेलं कुत्रं चावण्याआधी ओळखपत्र मागत नाही."

आणि तसंच मला इंजेक्शनला पिटाळलं.

परत आलो तोवर वरच्या ऑफिसच्या खिडकीतून मालक बोलून मोकळा झाला होता. पुढच्या सोमवारी एक वाजता कुत्री पकडणारी गाडी येणार. तिच्यासमोर जुंपली तर दोन्ही कुत्री गाडीत, कायमची. माझं टाळकं सटकलं. मी मोर्चाची भाषा सुरू केली. मावशी लाकडांच्या ढिगाकडे वळली. तिने प्लायवूडचा एक तुकडा घेतला, कमरेएवढा उंच, दारापेक्षा थोडा अरुंद. कडा घासून गुळगुळीत केल्या आणि एका बाजूला दोरीच्या दोन मुठी ठोकल्या. मी विचारलं, मुठी मागे कशाला? तिने माझ्या पट्टी बांधलेल्या मनगटाकडे नुसतं पाहिलं.

मंगळवारी भोंग्याआधी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. बिस्कीट समोर येऊन थांबला. राखणदार कौतुकाने म्हणाला की बघा, शेपूट हलवतोय, आज खुशीत आहे. मावशी म्हणाली, खुशीतलं कुत्रं अख्खं बूड हलवतं. याची शेपूट ताठ आहे, नुसतं टोक थरथरतंय, तोंड मिटलंय आणि डोळे डांबरवरून हलत नाहीत. इकडे डांबर गुरगुरायला लागला. मी "ए गप" म्हणून त्याच्यावर टोपी उगारली, तर मावशी माझ्यावरच उखडली.

"गुरगुरू दे त्याला. तो सांगतोय. सांगितल्याबद्दल मार खाल्ला तर पुढच्या वेळी न सांगता चावेल."

भोंगा झाला आणि दोघे एकमेकांवर कोसळले. काय सांगू, माझे पाय आपोआप पुढे निघाले होते. मावशीने हातोड्याने पत्र्याच्या डब्यावर असा काही दणका हाणला की माझ्या कानठळ्या बसल्या. कुत्री क्षणभर दचकली, जबडे सुटले, आणि त्या क्षणात फळी दोघांच्या मधे. मावशी मागून रेटतेय, हात मुठीत, गुडघे फळीआड, तोंडातून ब्र नाही. डांबर अवजारांच्या खोलीत, राखणदाराच्या दोरीने बिस्कीट गोदामात, दोन्ही दारं बंद. दहा श्वाससुद्धा झाले नसतील. मी टाळ्या पिटायच्या बेतात होतो.

"दणका ऐकून सुटली म्हणून बरं," ती घाम पुसत म्हणाली. "जबडा रुतलेला असता तर फळी घातली नसती. तेव्हा ओढाओढ केली की मांस फाटतं. पाणीच ओतून बघावं लागलं असतं."

मग ती फाटकाशी खाली बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. तिथे जुन्या खोक्याची एक फळी होती. सगळे कामगार डब्यातलं उरलेलं एक वाजता त्याच फळीवर ओतायचे. ही पद्धत माझी. भेदभाव नको, एका पंगतीत जेवा, म्हणून मीच ती ठेवली होती आणि वर लाल रंगात लिहिलं होतं: सगळ्यांचं सारखं.

मावशीने माझ्या हातात करवत दिली.

मी तासभर वाद घातला. समतेवर बोललो. ती म्हणाली, समता माणसांना शिकव, ही दोघं एका ताटात जेवणारी नाहीत. शेवटी मीच फळी कापली. "सगळ्यांचं" अवजारांच्या खोलीत गेलं, "सारखं" गोदामामागे. मधे भिंत. दोघांना दार लावून जेवायला द्यायचं, आणि फळ्या उचलून धुतल्याशिवाय दार उघडायचं नाही. बुधवार ते शनिवार एकदाही जुंपली नाही. शुक्रवारी डांबर भोंग्याला चक्क जांभई देत खोलीत गेला.

सोमवारी गाडी आली आणि नेमकी लवकर आली. एकला अजून दहा मिनिटं होती, दोन्ही कुत्री बाहेरच होती. मालक खिडकीत. चालक खाली उतरून पाव खात होता, आणि खाता खाता त्याने उरलेला तुकडा फाटकात टाकला. बरोबर दोघांच्या मधे.

बिस्कीटचं तोंड मिटलं. डांबर ताठरला. मी ओरडणारच होतो, पण दात दाबून धरले. मावशी धावली नाही. फिरायला निघाल्यासारखी गेली आणि फळी पावाच्या अलीकडे, डांबरच्या समोर उभी केली. त्याला आता ना पाव दिसेना ना बिस्कीट. पलीकडून राखणदाराने हलकी शीळ घातली. बिस्कीट दोन क्षण थबकला, मग पाव उचलून त्याच्याकडे निघून गेला. गोदामाचं दार लागलं. मावशीने फळी धरूनच डांबरला पावलापावलाने खोलीकडे वळवलं. तेही दार लागलं.

भोंगा झाला. कुणीच भुंकलं नाही.

वरून मालकाने विचारलं, "मारामारी कधी सुरू होणार?"

"झाली की," मावशी म्हणाली. "तुम्हाला दिसली नाही."

मालकाने दोन वेळा घड्याळ पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. चालक मात्र हलेना. मुठी कशा ठोकल्या, प्लाय किती जाड, सगळं विचारत बसला. हातावरचे जुने व्रण दाखवून म्हणाला, आमच्याकडे कुत्री धरायला नुसता दोरीचा फास देतात. मावशीने त्याला थांबवून घेतलं. प्लायच्या नव्या तुकड्याच्या कडा घासल्या, दोऱ्या ओवल्या, प्रत्येक खिळा तीन ठोक्यांत आत. तीन वाजता गाडी गेली. मागच्या पिंजऱ्यात एकही कुत्रं नव्हतं, फक्त दोन मुठींची कोरी फळी खडखडत होती.