पोट बांधलं आणि धावणं सुटलं

“मूत्राशय खाली उतरलंय तुमचं,” हातमोजे काढता काढता डॉक्टरबाई म्हणाल्या. “पेल्विक ऑर्गन प्रोलॅप्स.” बाळंतपणाला तीनेक महिने होत आले होते. दुसरी कुणी असती तर ‘बरं होईल का?’ असं विचारती. मी विचारलं, “मग डोंगरात धावायचं कधी?” त्या हसल्या आणि कागद पुढं ओढला.

प्रोलॅप्स म्हणजे काय, ते त्यांनी चित्र काढून समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय सगळं तिच्या आधारानं राहतं. बाळंतपणात ती ताणून सैल पडली, की वरचं खाली सरकतं. मला संध्याकाळ झाली की खाली जड वाटायचं, शिंक आली की कपडे ओले व्हायचे. बाळंतीण आहे, होणारच, म्हणून मी गप्प बसले होते. तुम्ही बसू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी ट्रेल रनिंग करते. म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटांनी, डोंगरातून धावते. सासर बेळगावजवळच्या बेळगुंदीचं, शेत संपलं की चढ सुरू. दिवस गेल्यावरही डॉक्टरबाईंना विचारून सहाव्या महिन्यापर्यंत हळूहळू धावले, पुढं सपाटीवर चालले. गावाला चघळायला विषय मिळाला. काजूच्या झाडांमधून येताना पोटातलं पोर ढुशा द्यायचं आणि मला वाटायचं, यालाही मजा येतेय.

बाळंतपणाला वडगावला माहेरी आले. कळा लांबल्या. जोर लावून लावून मी अर्धी झाले, तेव्हा कुठं मुलगी झाली.

घरी आल्यावर आईनं पोट बांधायला घेतलं. बाळंतिणीचं पोट आमच्याकडं बांधतातच, आणि विणकराच्या घरात कापडाला काय तोटा? तिनं घरच्या मागावरचं सुती लुगडं काढलं आणि असं आवळलं की मला श्वास वरच्यावर घ्यावा लागे. “घट्टच पायजे गं. पोट आत गेलं की सुटलीस बघ पळायला,” म्हणायची. माझ्या धावण्याला जन्मभर नाकं मुरडणारी बाई, माझ्या धावण्यासाठीच घाम गाळत होती. न्हाणं झालं की रोज तेच.

प्रोलॅप्सचं कळल्यावर बेळगावात फिजिओथेरपिस्टकडं गेले. त्यांनीही डॉक्टरबाईंसारखंच सांगितलं. मूळ ताण बाळंतपणातला, धावण्यावर खापर फोडू नका. पण पोट इतकं आवळलं की दाब खाली जातो आणि आधीच दमलेल्या झोळीवर बसतो. बांधायचंच तर आधारापुरतं, सैलसर.

हे आईला सांगणं मला डोंगर चढण्याहून जड गेलं. ती मागासाठी कांड्यांवर सूत भरत बसली होती. मी चाचरत सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

“म्हंजे अंग खाली आलंय म्हण की,” ती म्हणाली. मग दोरा नीट करत, माझ्याकडं न बघता, “मला बी हाय की गं ते. तू झाल्यापासनं.”

मी तिशी ओलांडली आहे. म्हणजे तेवढी वर्षं.

“कुणाला दाखवलं न्हाईस?”

“काय दावायचं? समद्या बायकास्नी असतंय. लई खाली आलं तर आत सारायचं आन् कामाला लागायचं.”

मला संताप आला. तिचा नाही, त्या ‘असतंय’चा. पुढच्या खेपेला मी तिला डॉक्टरबाईंकडं ओढतच घेऊन गेले. रिक्षात ती सारखी म्हणत होती, “लोक काय म्हणतील?” तिला पेसरी बसवली, म्हणजे गर्भाशयाला खालून आधार देणारं मऊ कडं. व्यायाम मात्र दोघींना सारखेच: लघवी रोखताना आवळतो ते स्नायू श्वास सोडत वर ओढायचे, मग सैल सोडायचे. पाळण्याच्या दोन बाजूंना आम्ही मायलेकी झोपून हेच करायचो. वडील आत डोकावायचे आणि काही न विचारता निघून जायचे.

पण धावणं? आईनं माझे बूट घासूनपुसून माळ्यावर टाकले होते. तळव्यातली लाल माती गेलेली बघून मी खरोखर रडले. सासरी परतल्यावर तर रविवार नकोसा व्हायचा. नवरा डोंगरातून पोटऱ्या मातीनं माखून यायचा, आणि मी चहाचा कप त्याच्यापुढं आपटायचे. त्याचं काही चुकत नव्हतं. मला फक्त तो चढ हवा होता, धाप हवी होती, आणि थोडा वेळ कुणाचीच आई नसणं हवं होतं.

पोरगी रांगायला लागली तेव्हा फिजिओथेरपिस्टनी सपाटीवर थोडं धाव, थोडं चाल, अशी मुभा दिली. आणखी काही आठवड्यांनी छोटा चढ. आई त्या दिवशी बेळगुंदीला आली होती. मी नेमकी कुठं जाते, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. चढणीच्या पायथ्यापर्यंत ती पेसरीच्या आधारानं, वाटेत कुठं न बसता आली आणि नातीला मांडीवर घेऊन काजूखाली टेकली.

मी वळणापर्यंत धावले. सगळं लक्ष खाली, आता जड वाटेल, मग वाटेल. वाटलं नाही. परत आले आणि आईसमोर उभी राहून रडायला लागले. सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. उतारावर अजून चालतच यायचं, ही सक्त ताकीद आहे. तरीही.

आईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं, मग माझ्याकडं बघितलं.

“झालं एवढंच? जा, अजून एकदा जाऊन ये. मी हाय हितं.”