समोरच्या खोलीतला पोकळ आवाज

राग मले लवकर येते. घरी सगळ्याइले माहीत आहे, फॅक्टरीत तर शिपायापासून साहेबापर्यंत माहीत होतं. पण या घराच्या भानगडीत ज्याच्यावर चिडायले पाहिजे होतं त्याले सोडून मी बाकी साऱ्या गावावर चिडत बसलो. तो कोण, हे मले समजलं तेव्हा घर हातचं गेलं होतं.

रिटायर झालो तेव्हा क्वार्टर सोडायले चार महिने होते. बत्तीस वर्षं आम्ही जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरात काढली. माझी नोकरी त्याच क्वार्टरांच्या देखभालीची. कुठं छत गळते, कुठं भिंतीले ओल आहे, कोणाचं दार फुगलं, हे पाहायचं अन् कागदावर लिहायचं. हजारो दारं मी उघडून-लावून पाहिली, त्यातलं एकही आपलं नव्हतं. बायको हे बोलून दाखवायची. ती अड्याळची, शेतकऱ्याघरची. "साऱ्या कॉलनीचे नळ दुरुस्त केले तुमी," म्हणे, "आता मले एक माहा स्वतःचा नळ पाहिजे. गळला तरी चालन." तिले घर भंडाऱ्यात पाहिजे होतं अन् जमिनीवरचं पाहिजे होतं. फ्लॅटचं नाव काढलं की तोंड फिरवायची.

दलालानं आम्हाले नेलं ते डॉक्टर, वकील अन् राइस मिलवाल्यांच्या कॉलनीत. मी तिथं शिरल्या शिरल्याच चिडलो. दोन्ही बाजूले तीन-तीन मजली घरं, काचा चढवलेली, अन् गेटाबाहेर गाड्या धुणारे नोकर. आपल्यासारख्याचं इथं काय काम? पण दोन मोठ्या घरांच्या मधात एक जुनं बैठं घर होतं. सिमेंटचा स्लॅब, समोर आंगण, आंगणात सीताफळ. प्लॉट लहान, घर जुनं, म्हणून माझ्या फंडाच्या पैशात बसत होतं.

मालक ऐंशीच्या घरातला म्हातारा. एकटाच राहायचा, अन् पोरगा त्याले आता पुण्याले घेऊन जाणार होता. पहिले कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचा व्यापार होता म्हणे. म्हाताऱ्याची अट एकच होती, घेणारा तिथं राहणारा पाहिजे, पाडणारा नको. दलाल हे सांगताना हसला. मले त्याच्या हसण्याचा राग आला, पण अटीचंही नवल वाटलं. विकलेल्या घराची एवढी काळजी कायले?

बायको समोरच्या खोलीत गेली अन् तिथंच थांबली. त्या खोलीची खिडकी जमिनीपासून जेमतेम एक फूट वर होती. ती खाली फतकल मारून बसली. "अवो, बसल्या बसल्या आंगण दिसते," म्हणे. "इथं मी तांदूळ निवडीन." मंग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "हेच."

झालं. विकणाऱ्यासमोर कोणी असं बोलते काय? घर आवडलं हे चेहऱ्यावर दिसलं का भाव कमी व्हायचा नाही. मी तिले डोळ्यानं दटावलं अन् चपला काढल्या. घर पाहायची माझी एक रीत आहे. मी टाचेनं फरशी ठोकत जातो. डोळ्याले फसवता येते, रंगानं, पुट्टीनं, नव्या टाइल्सनं. टाचेले फसवता येत नाही.

समोरच्या खोलीत खिडकीपाशी आलो अन् आवाज बदलला. टाच पोकळ वाजली. एका दाराएवढी जागा असंल. मी पुन्हा ठोकलं, आजूबाजूले ठोकलं. बाकी सगळं ठोस, तेवढीच जागा पोकळ. कागदावर लिहिलं, एक, खालची माती बसली, पायाचा भरवसा नाही. मंग खिडकी. लिहिलं, दोन, खिडकी चुकीच्या उंचीवर, मिस्त्रीले माप समजत नव्हतं. मंग वर पाहिलं तर स्लॅबमध्ये लोखंडी कड्या, चार, त्या पोकळ जागेच्या बरोबर वर. पंखा काही चार कड्याइवर लटकत नाही. लिहिलं, तीन, बिनकामाचं लोखंड, गंजून स्लॅब फोडणार.

म्हातारा खुर्चीवर बसून हे सगळं पाहून राहिला होता.

भिंत सरळ आहे का पाहायले मी ओळंबा काढला. दोरा जुना, सोडल्याबरोबर मधातून तुटला. मी दोन टोकं जवळ घेतली, अंगठ्याच्या नखावर धरली, गाठ मारली, उरलेलं दातानं तोडलं अन् ओळंबा सोडला. हे मी न पाहताच केलं, बोलता बोलता. म्हातारा खुर्चीत पुढं सरकला. माझ्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे पाहत होता.

"गाव कोणतं तुमचं?" त्यानं विचारलं.

"जवाहरनगर."

"तसं नाही. मूळचं गाव?"

"जवाहरनगरच समजा, काकाजी. बत्तीस वर्षं झाली."

"असं," तो म्हणाला अन् पुन्हा मागं टेकून बसला. मले वाटलं, जात काढायले विचारून राहिला. म्हणून अजून चिडलो. चिडलेल्या तोंडानं मी कागद वाचून दाखवला, एक, दोन, तीन. अन् शेवटी अकलेचे तारे तोडले, "हे घर नाही काकाजी. हा प्लॉट आहे. वरचं सगळं पाडायच्याच कामाचं." दलालानं कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. मी काढू दिला, वरून अक्षर नीट दिसते का तेही पाहिलं. बायको खिडकीजवळून उठली. उठताना तिनं हात टेकले ते भिंतीले, माझा हात तिनं घेतला नाही.

परतीच्या रस्त्यानं ती गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाली, "राह्यले गेलो होतो का परीक्षा घ्यायले?" मी म्हटलं, तुले काय समजते पायातलं. ती म्हणाली, "पायातलं नाही समजत. बसल्यावर काय दिसते ते समजते." नंतर दोन दिवस माझं ताट वाढायची अन् आत निघून जायची.

आठवड्यानं दलाल भेटला. बाजूच्याच डॉक्टरानं घर घेतलं होतं, इसार दिला होता. घर पाडून गाड्या ठेवायले जागा करणार होता. "तुमच्या कागदानंच काम सोपं झालं, साहेब," दलाल म्हणाला. "म्हाताऱ्याच्या पोराले फोटो पाठवला. त्यानं बापाले सांगितलं का घराचे पैसे कोणी देणार नाही, प्लॉटचे घ्या अन् मोकळे व्हा." भर चौकात मी त्याची आरती ओवाळली. डॉक्टरालेही शिव्या घातल्या, गाड्याइले छत पाहिजे म्हणून माणसाचं छत काढते म्हणून. घरी येऊन बायकोले सांगितलं तर तिनं कणीक मळता मळता विचारलं, "कागद कोणाचा होता?" मी तिच्यावरही ओरडलो.

मंग मोहाडीले गेलो. आता इथं खरं सांगावं लागते. माझं मूळ गाव मोहाडी. बाप कोष्टी, घरात विणायचा माग. जमिनीत खड्डा असते, विणणारा काठावर बसते अन् खड्ड्यात पाय सोडून खालच्या पावड्या दाबते. पावसाळ्यात त्या खड्ड्यात ओल यायची अन् बापाचे पाय घोट्यापर्यंत सुजायचे. रात्री माय मिठाच्या पाण्यानं शेकायची. शाळेतून आलं का दप्तर टाकून सुताच्या कांड्या भरायले बसायचं, अन् बाहेर पोट्टे खेळायचे. मले त्या खड्ड्याची चीड होती. सोळाव्या वर्षी ठरवलं का या घरातून पाय काढीन तर पुन्हा मागात घालणार नाही. फॅक्टरीत लागलो अन् कोणाले सांगितलं नाही. कोणी गाव विचारलं का जवाहरनगर. त्या गावात कोणाचा बाप विणत नाही.

घरी आता धाकटा भाऊ राहते. नव्या तांदळाचं जेवायले बोलावलं होतं. जेवून हात धुवायले उठलो, समोरच्या खोलीतून जाताना खाटेजवळ माझी टाच पडली.

तोच आवाज.

मी तिथंच उकिडवा बसलो. बोटाच्या पेरानं ठोकलं. बाजूले ठोकलं. एका दाराएवढी जागा.

"काय पाहून राहिला भाऊ?" धाकटा म्हणाला. "बाबाचा खड्डा हाय न थो. वरून दगडी पाट्या टाकल्या अन् टाइल्स बसवल्या. आपल्यात खड्डा मातीनं बुजवत नाही, विसरला काय?"

विसरलोच होतो. वर पाहिलं. आढ्याले कड्या, चार. मागाचा वरचा सगळा सांगाडा ज्या दोऱ्याइनं टांगलेला असायचा, त्या दोऱ्याइच्या. खिडकी पाहिली. जमिनीपासून एक फूट, कारण विणणारा खाली बसते, अन् उजेड त्याच्या धाग्यावर पडला पाहिजे. एक, दोन, तीन. कागदावर मी जे तीन दोष लिहिले होते, ते तिन्ही माझ्या बापाच्या घरी त्याच क्रमानं होते. कोशाचा व्यापार करणारा माणूस त्या बड्या कॉलनीत घर बांधते अन् समोरच्या खोलीत आपला माग घालते, हे समजायले इंजिनिअर नाही लागत, कोष्ट्याचा पोरगा पाहिजे. अन् तो तर तिथं टाचा आपटत उभा होता. काखेत कळसा अन् गावाले वळसा, तेही सही-शिक्क्यानिशी लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तडक भंडाऱ्याले गेलो. म्हातारा त्याच खिडकीशी बसला होता, घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, पाया बसला नाही काकाजी, खाली मागाचा खड्डा आहे. मी डॉक्टराले जाऊन सांगतो, तुमच्या पोराले सांगतो, कागद फाडतो.

"घर पक्कं हाय हे डॉक्टराले सांगून काय होईन?" तो म्हणाला. "त्याले कुठं राह्यचं हाय? अन् पोरानं शब्द देल्ला."

मले पुन्हा राग आला. सवयच ती. म्हटलं, "तुमाले तर माहीत होतं. मी पाया बसला, पाया बसला म्हणून राहिलो होतो तेव्हा तुमी एका शब्दानं काहून नाही सांगितलं?"

"इकणाऱ्याच्या तोंडावर कोण भरोसा ठेवते?" म्हातारा आवाज न चढवता बोलत होता. "माह्या हातानं ईस वर्सं विणलं इथं. गुडघे गेले तवा पाट्या टाकल्या. तुमी दोऱ्याले गाठ मारली अन् मी वळखलं, हा आपलाच माणूस. तशी गाठ दुसऱ्या कोणाले येत नाही. म्हणून तर गाव इचारलं. दोनदा इचारलं. तुमी मोहाडी म्हणा, आंधळगाव म्हणा, कोष्ट्याइचं कोणतंबी गाव म्हणा, मी तवाच एक टाइल काढून दाखवणार होतो. तुमी जवाहरनगर सांगतलं. ज्याले आपल्या बापाचा खड्डा नाही पाहिजे, त्याले मी माहा काहून दाखवू?"

आयुष्यभर साहेबांच्या तोंडावर फडाफड बोलणारा मी चपला हातात घेऊन त्याच्या आंगणातून निघालो, अन् गेटापाशी आल्यावर घातल्या.

बायकोले सगळं सांगितलं. तिले माझं गाव, बाप, माग सगळं माहीत होतं, फक्त त्या दिवशी म्हाताऱ्यानं गाव काहून विचारलं, ते तिलेही समजलं नव्हतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मले रागावर राग करता येते.

क्वार्टर सोडलं. आता आम्ही दुसऱ्या माळ्यावर भाड्याच्या फ्लॅटात आहो. घेण्याआधी मी तो पुरा ठोकून पाहिला. फरशी ठोस आहे, स्लॅबमध्ये एक फालतू कडी नाही, अन् खिडक्या तीन फुटांवर, मापात, जशा असायले पाहिजे तशा. काल दुपारी बायको सूप घेऊन खिडकीखाली तांदूळ निवडायले बसली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली, मले वाटलं काही म्हणणार. तिच्यासमोर भिंत होती. तिनं पुन्हा मान खाली घातली अन् खडे वेचत राहिली.