डुकराच्या गोळीनं गेला

"हे वाक्य कुणाचं?" सरांनी वही दोन बोटांत धरून वर केली. वही माझी होती.

धुळ्याचं कॉलेज, बी.ए.चं पहिलं वर्ष. 'गन डाउन' वापरून इंग्रजीत वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं, शिकाऱ्यानं रानडुकराला गन डाउन केलं.

सर हसले. "अगं, जनावराला नाही म्हणत तसं. हातात शस्त्र नसलेल्या माणसाला निर्दयपणे गोळी घालून पाडलं, की गन डाउन. पण तुम्हा भिल्लांना काय, डुक्कर न् माणूस सगळं सारखंच!"

अख्खा वर्ग खदखदून हसला. पुढच्या बाकावरच्या पोरी तर रुमालात तोंड खुपसून. माझे कान तापले. पण लाज फार टिकली नाही. सरांनी सांगितलेला अर्थ डोक्यात फिरायला लागला होता.

माझा बाप मालकाच्या शेतात राखणदार. मी सातवीत असताना मालकानं मला घरकामाला मागितलं. बाप एवढंच बोलला, "पोर साळामा जाई. तुमना घर कामले येवाव नही." आमच्यात मालकाच्या तोंडावर असं कुणी बोलत नसे. तिसऱ्या दिवशी बाप डोक्याला लाल फडकं बांधून बांधावर भाकर खात होता. मालकाच्या मुलानं गोळी घातली. "माले डुक्कर वाटनं," म्हणाला. गावानं मान डोलावली. कागदावर अपघात लिहिलं, खाली आईचा अंगठा घेतला. बाप कसा गेला असं विचारलं की मीसुद्धा सांगायची, डुकराच्या गोळीनं.

भर दुपारी. लाल फडकं बांधलेलं डुक्कर!

"बस खाली," सर म्हणाले.

मी बसले नाही. "सर, वाक्य चुकलं. दुसरं सांगते." आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मालकाच्या मुलानं माझ्या बापाला गन डाउन केलं. त्याच्या हातात भाकर होती.

कुणी हसलं नाही. सर फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

तेच वाक्य मराठीत लिहून मी पोलिसांत अर्ज दिला. प्रकरण जुनं, बंद झालंय, म्हणाले. मी दुसरा अर्ज दिला. मग तिसरा. मालकाचा मुलगा आता सरपंच आहे. असू दे. माझ्या अर्जात तो खुनीच आहे.

गावात माझ्यादेखत कुणी 'डुकराच्या गोळीनं गेला' म्हणालं, की मी त्याची वाट अडवते. खून म्हण, सांगते. म्हटल्याशिवाय जाऊ देत नाही.