घराणे म्हणजे घर

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या घरातला पहिला बी. ए. झालो आणि सोलापुरात भवानी पेठेतल्या एका बुवांकडे तबला शिकू लागलो. तबला मढवणारा कारागीर बाहेर पायरीवर बसून, मान तिरकी करून, हातोडीने सूर जुळवायचा.

एकदा मी त्याला ऐटीत सांगितले, "घराणे हा शब्द घरावरून आलाय."

"व्हय? तीस वरसं ह्यांचा तबला मढवतोय, मास्तर. घर आतनं कसं हाय, ठाव न्हाय."

त्याने तबला उंबऱ्यावर ठेवला. विटाळ नको म्हणून बुवांनी त्यावर पाणी शिंपडले, तो आत घेतला, थाप मारली आणि ते ओरडले, "सूर उतरलाय रे!"

कारागीर पुन्हा हातोडी शोधू लागला. पाण्याने कातडे सैल पडते, हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. मला त्या घरात रोज जायचे होते.