अक्कांच्या नावाचा रोडगा

अक्का गेल्याची बातमी मला खामगावच्या बसस्टँडवर कळली. एका हातात मेथीच्या जुड्या, कान आणि खांद्यात फोन धरलेला. पलीकडून भाऊजी, अक्कांचे यजमान, एवढंच म्हणाले, "शोभा, तुही अक्का गेली. सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागी..." माझी थोरली जाऊ. लग्न होऊन नांदुऱ्याला आले तेव्हापासून मला जिने सांभाळलं, स्वयंपाक शिकवला, सासूच्या बोलण्यापासून वाचवलं, ती गेली होती. आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही. डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आता तो माणूस सुटला. रडू नंतर आलं, बसमध्ये, मेथी मांडीवर घेऊन.

तो माणूस म्हणजे शेठ. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याचीही जाहिरात व्हायची. गावाबाहेर रस्त्यालगत पाळण्यांची, पाण्याच्या घसरगुंड्यांची मोठी बाग झाली आहे. तिथे दर हिवाळ्यात खाण्याची जत्रा भरते. तंबूंच्या रांगा, कुपनं, डीजे. डोणगावच्या बायका ज्वारीची आंबील आणि ठेचा घेऊन येतात, बीबी गावाहून एक जोडपं मांडे करायला येतं, आणि मधेच कुणी मोमो विकतं. पहिल्या वर्षी अक्कांनी तिथे रोडग्यांचा स्टॉल लावला. अक्कांचे रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या कणकेची थरावर थर दिलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरावर शेकलेले, मग गरम राखेत पुरलेले. बाहेर काढून फडक्यात चोळायचे, कुस्करायचे, वर वरण आणि तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी. मारुतीच्या नवसाला आमच्याकडे हेच जेवण लागतं, आणि चार गावांतून अक्कांना बोलावणं यायचं.

शेठ त्या वर्षी परीक्षक होता. त्याचं हॉटेल मोठं, त्यामुळे माईकही त्याच्याच हातात. अक्का रोडगा कुस्करून द्यायला गेल्या, तर याने ताटातला अख्खा उचलला आणि कोरडाच चावला. वऱ्हाडात जन्मलेला माणूस! मग माईकवर म्हणाला, "अक्का, हे खायला दात नाही, हातोडा पाह्यजे." लोक हसले. मीही उभी होते तिथेच. अक्कांनी पदराने हात पुसले आणि पुढच्या माणसाचं ताट वाढायला घेतलं. पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. घरी येताना ऑटोत म्हणाल्या, "एवढ्या लोकांत हसला तो, शोभा. काऊन हसला? मी त्याचं काय बिघडवलं होतं?"

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत शेठचा स्वतःचा स्टॉल. वर पाटी, अस्सल वऱ्हाडी रोडगे. तंदूरमध्ये भाजलेले, बटर चोपडलेले, पण कुस्करून, वरणासकट, अगदी अक्का वाढायच्या तसेच. अक्कांनी स्टॉल लावणं सोडलं होतं. मला वाटलं, आता या जत्रेचं नावही काढणार नाहीत. तर सकाळीच तयार होऊन दारात उभ्या, पर्समध्ये घरचा चमचा. "चाल, खाऊन येऊ."

त्यानंतर दर वर्षी आमचा तोच कार्यक्रम. अक्का पहिल्या स्टॉलपासून सुरू करायच्या. थोडंसंच घ्यायचं, सावकाश चावायचं, मग ठणठणीत आवाजात निकाल द्यायचा. "आंबील झ्याक आहे, पण मीठ उद्या कमी टाक वं." "मांडा असा पाह्यजे, जिभेवर ठेवला की गेला." अक्कांची जीभ गावाला ठाऊक, त्यामुळे मागे माणसं जमायची आणि अक्का जिथे चांगलं म्हणतील तिथे रांग लागायची. शेठचा स्टॉल आला की त्या थांबायच्या. पाटी वरपासून खालपर्यंत वाचायच्या. आणि पुढच्या स्टॉलवर जायच्या. मागची माणसंही जायची. एकदा न राहवून तो म्हणाला, "अक्का, आमच्याकडं नाही खात?" अक्का गोड हसून म्हणाल्या, "कसं खाऊ भाऊ? मले दात नाहीत." त्या दिवशी घरी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो... त्यांना तेवढं पुरायचं. मला नाही पुरायचं. मी राग लोणच्यासारखा मुरवते.

अक्कांच्या दिवसांत शेठ भेटायला आला. पांढरे कपडे, डोळ्याला रुमाल. "माह्या बहिणीसारखी होती," म्हणाला, आणि भाऊजींकडून अक्कांचा एक फोटो मागून घेऊन गेला. भाऊजी साधे. लोक फोटो कशाला नेतात, असा प्रश्न त्यांना पडत नाही.

मागच्या आठवड्यात कळलं कशाला नेला होता ते. जत्रेत शेठच्या स्टॉलवर अक्कांचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती, आणि वर नवी पाटी, 'अक्कांचे रोडगे'. मला पाहताच शेठ माईक घेऊन पुढे आला. "आपल्या अक्कांच्या जाऊबाई आल्या! पहिला रोडगा त्याहिच्या हातात. चव अक्काचीच आहे का नाही, त्याच सांगतील." रांग मोठी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अंगाची लाही लाही झाली माझी. जिला जिवंतपणी माईकवर हसला, तिच्याच नावाने हा आता गल्ला भरणार, आणि साक्ष मी द्यायची!

मी ताट घेतलं. चव नाही पाहिली. म्हटलं, "शेठ, फोटोले हार घातला तुम्ही. मेलेल्या माणसाच्या नावाचं अन्न पहिले कोण खाते?" मग मी कुंपणाच्या भिंतीवर पळसाची पत्रावळ ठेवली, तिच्यावर रोडगा, वर वरण, आणि हात जोडून मागे सरले. "कावळा शिवू द्या. मग मी खाते, मग हे सगळे खातील."

त्या गोंगाटात कावळा काय, चिमणीही फिरकत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पाळण्याचा भोंगा, डीजेचा दणका. पण रांगेतली माणसं आमच्याच मुलखातली. हातात कुपन घेऊन सगळी भिंतीकडे बघत राहिली. शेठ म्हणाला, "हा काय दहाव्याचा घाट आहे का बाई? घ्या, खा." कोणी ताट पुढे केलं नाही. एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "शिवल्याबिगर कसं खावं?" शेजारच्या स्टॉलवरच्या डोणगावच्या बाईने अजून स्पष्ट सांगितलं, "काही तरी राह्यलं आहे तिच्या मनात. शेठ, तुम्ही पाटी लावली, तुम्हीच कबूल करा काय ते. मंग येते कावळा."

आमच्याकडे कावळा नाही शिवला की घरचे मेलेल्याला शब्द देतात, तुझं राहिलेलं आम्ही करू म्हणून. शेठलाही ते ठाऊक. त्याने इकडे तिकडे पाहिलं, हसायचा प्रयत्न केला, कोणी हसलं नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून त्याने हात जोडले. पुटपुटला, "चुकलं असंल तं माफ कर." मी म्हटलं, "ऐकू नाही गेलं तिले. माईकवर बोला." आणि तो बोलला. "अक्का, तुह्यावर हसलो ते माह्यं चुकलं. तुह्या नावाची पाटी काढतो." एवढ्या लोकांत बोलला. कावळा आलाच नाही. माणसं पांगली, आंबिलीच्या स्टॉलकडे गेली, आणि त्याच्या पोऱ्यांनी शिडी लावून पाटी उतरवली. मी अक्कांचा फोटो पदराखाली घेतला आणि निघाले.

घरी भाऊजी ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, अगदी चवीने, शेठची नक्कल करून. शेवटी म्हटलं, "पाह्यलं, अक्काच्या मनात किती होतं ते!" भाऊजी बराच वेळ फोटो पुसत राहिले. दहाव्याला पुरुषमाणसं नदीवर गेली होती आणि आम्ही बायका घरी, त्यामुळे तिथलं मला काहीच माहीत नव्हतं.

"दहाव्याले पिंड ठेवून आम्ही मागं सरलोही नव्हतो, शोभा," ते म्हणाले, "तं कावळा आला अन् घेऊन गेला. तिचं काहीच राह्यलं नव्हतं."

"माह्यं राह्यलं होतं," मी म्हटलं.