पहिला आकडा कोणी सांगायचा

आम्ही नर्सेस जेवताना कशाबद्दलही बोलू शकतो. कोणाची जखम किती चिघळली, कोणाला किती उलट्या झाल्या, हे सगळं भाजी वाढून घेता घेता सांगतो आणि वर पोळीही खातो. पण "तुला पगार किती गं?" असं कोणी विचारलं, की समोरची लाजून डब्याचं झाकण लावते. मी बोरिवलीच्या एका मध्यम खासगी हॉस्पिटलात जनरल वॉर्डला आहे, लग्नाच्या आधीपासून. शेजारच्या वॉर्डात नाइटला माझ्याइतकीच जागणारी सिस्टर महिन्याला किती घेऊन घरी जाते, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. आणि कळलं नव्हतं म्हणून माझं बरं चाललं होतं.

मग एक मुलगी पेढे घेऊन आली. दोन-तीन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे नवीन लागली होती. तिला शीर सापडायची नाही. सापडली नाही की ती चादरींच्या खोलीत जाऊन रडायची, आणि मी तिला बाहेर काढून पेशंटचा हात तिच्या हातात द्यायचे. ती पुढे अंधेरीच्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला गेली. पेढे कसले, विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, पगार वाढला," आणि भाबडेपणाने आकडाही सांगून टाकला. माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळायला मला बराच वेळ लागला.

पोर गुणी होती, तिचा राग नव्हता. राग कोणाचा करायचा हेच समजत नव्हतं, म्हणून मी दोन दिवस सगळ्यांचाच केला. नवरा म्हणाला, "बघ बुवा, तुझं तू." हा सल्ला तो मला सगळ्याच बाबतीत देतो.

मी अंधेरीच्याच हॉस्पिटलात अर्ज टाकला आणि त्यांनी मुलाखतीला बोलावलं. आता प्रश्न होता तो आकड्याचा. ते विचारणार, अपेक्षा काय? कमी बोललं तर जन्मभर चुटपुट, जास्त बोललं तर दारातूनच परत. बाजारभाव कळायला हवा म्हणून आमच्या नर्सिंग कॉलेजच्या ग्रुपवर मी सरळ विचारलं, की सध्या कोणाला किती मिळतात. एकीने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मुलुंडला डायलिसिसला असलेलीने सूर्यफूल आणि शुभ सकाळ. कुडाळजवळ गावच्या दवाखान्यात कंत्राटावर असलेली तेवढी म्हणाली, "मला विचारू नका, तुम्ही हसाल." त्यानंतर ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

घाटकोपरची माझी मैत्रीण पालिकेच्या नोकरीत कायम आहे. तिला फोन केला.

"अगं, आमचं काय यार, कापूनच जातं सगळं," ती म्हणाली.

"कापायच्या आधी किती असतं ते सांग ना."

"कुकरची शिट्टी झाली गं, ठेवते." तिच्याकडे संध्याकाळी साडेचारला कुकर लावतात हे मला नवीन होतं.

शेवटी माझं दुःख सासूबाईंच्या कानावर गेलं. आमच्या सासूबाई मालवणच्या. सासरे गिरणीत होते, संप बघितलेला, मग एकेक पैसा वाचवत बोरिवलीला घर केलेलं. पण त्यांचं खरं शिक्षण मासळीबाजारात झालं. त्या बाजारात शिरल्या की कोळणी एकमेकींकडे बघतात आणि पदर खोचतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हातातली लसूण बाजूला ठेवली आणि विचारलं, "आयसीयूक जास्त कित्याक?"

मी समजावलं. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, तान्ह्या बाळांचा विभाग, यांना वेगळं शिक्षण लागतं, जबाबदारी वेगळी असते, म्हणून पैसे जास्त. जनरल वॉर्डला कमी. शिवाय अंधेरीला बोरिवलीपेक्षा जास्त, आणि गावाला सगळ्यात कमी.

"म्हणजे आयसीयू पापलेट," त्या म्हणाल्या. "थेटर सुरमय. तू बांगडो."

मला वाईट वाटलं, आणि ते मी बोलून दाखवलं.

"बांगडो वायट काय गो? रोज घराघरात तोच शिजता. पापलेट पावण्यांक." मग त्या जराशा पुढे सरकल्या. "ह्योच बांगडो मालवणात एक भाव, बोरिवलेक दुसरो, अंधेरेक तिसरो. बांगडो तोच. भाव बाजाराचो असता, माशाचो नाय."

"पण आई, मासा जुना झाला की भाव पडतो. आमच्यात अनुभव वाढला की भाव वाढायला पाहिजे."

त्यांनी क्षणभरच विचार केला. "मगे तू सुको बांगडो."

त्या संध्याकाळी माझी शिकवणी सुरू झाली. नियम पहिला: पहिला आकडा आपण सांगायचा नाही, मेलं तरी नाही. नियम दुसरा: माल कितीही आवडला तरी माशाची गालफडं उचलून आत बघायचं आणि नाक मुरडायचं. नियम तिसरा आणि सगळ्यात मोठा: भाव पटला नाही की उठायचं आणि चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. "मागसून हाक येताच," त्या म्हणाल्या. "माझ्या जन्मात येवक नाय असा झाला नाय." मी भाजी चिरत हसले खरी, पण रात्री तिन्ही नियम मनात घोकून झोपले.

अंधेरीचं हॉस्पिटल सगळं काचेचं होतं. खाली स्वागतकक्षात माशांची पेटी होती, त्यात लाल मासे फिरत होते. मला तो शुभशकुन वाटला. मुलाखत घेणारा मुलगा माझ्या भाच्याएवढा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात कॉफी.

"मॅडम, तुमची अपेक्षा काय आहे?"

"तुमची काय तयारी आहे?" मी म्हटलं.

"नाही, तुम्ही सांगा ना."

"नाही, तुम्हीच सांगा."

तो हसला. मी हसले नाही. त्याने कॉफी प्यायली, मी पाणी प्यायले. असं दोन वेळा झालं. भिंतीवरच्या एसीचा आवाज मला ऐकू यायला लागला. शेवटी त्यानेच हार मानली आणि एक आकडा सांगितला. माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षा तो जास्त होता, पण पेढेवालीच्या आकड्यापासून चांगलाच लांब होता. मी विचारलं, माझ्या इतक्या वर्षांचं काय?

"मॅडम, जनरल वॉर्डचा अनुभव आम्ही अर्धाच धरतो."

"केस तर माझे पूर्ण पांढरे झालेत," मी म्हटलं. हे नियमांत नव्हतं, आपसूक निघालं.

मग मी गालफडं उचलली. लिफ्ट फार हळू आहे म्हटलं. नर्सिंग स्टेशन बेडपासून लांब आहे, रात्री धावून पाय मोडतील म्हटलं. खालच्या पेटीतला एक मासा उलटा पोहतोय, तेवढं बघून घ्या, असंही सांगितलं. मुलगा गोंधळून सगळं लिहून घेत होता. आणि त्याने दुसऱ्यांदा तोच आकडा सांगितल्यावर मी पर्स उचलली, "बरं, येते मी," म्हटलं आणि चालायला लागले.

तो कॉरिडॉर लांबलचक होता. मी मागे बघितलं नाही. माझे कान मात्र पाठीला फुटले होते. आणि खरंच मागून हाक आली, "सिस्टर!" मी इतकी झटकन वळले की मानेत कळ आली. एक वॉर्डबॉय दुसऱ्याच सिस्टरला बोलावत होता. हॉस्पिटलात "सिस्टर" म्हणून मारलेली हाक आपली समजणं हा मूर्खपणा होता, पण तेव्हा तेवढी अक्कल शिल्लक नव्हती.

माशांच्या पेटीपाशी उभी राहून मी घरी फोन लावला. "आई, हाक नाही आली."

"खयसर इलंस तू?"

"खाली. दाराशी."

"खाली? इतक्यात?" पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अगो, हाक मारूक माणसाक वेळ नको? इतक्या भराभर कित्याक चाललंस?"

मी वर परत गेले नाही. लाज वाटली. आठवड्याने निरोप आला, की जागा भरली आहे. त्या दिवशी मी सासूबाईंवर मनापासून चिडले. चांगली चालून आलेली वाढ त्यांच्या कोळणी अकलेपायी घालवली, असं मला वाटत होतं, आणि तसं मी म्हटलंही. त्यांनी पिशवी घेतली आणि बाजारात गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावलं. या बाई आमच्या हॉस्पिटलात माझ्याही कितीतरी आधीपासून. शिस्तीच्या, कडक, वॉर्डात आल्या की चादरीसुद्धा आपोआप सरळ होतात असं मुली म्हणतात. त्यांनी दार लावून घेतलं.

"तू अंधेरीला चाललीयेस म्हणे."

यांना कोणी सांगितलं?

"त्यांनी गाडी पाठवली होती म्हणे तुझ्यासाठी. दोनदा."

मी डोळे मोठे केले. मेट्रनबाई आणि आमच्या सासूबाई एकाच कोळणीकडून मासे घेतात, हे मला त्या क्षणी आठवलं. बाजारातली ती रागावून मारलेली फेरी कशासाठी होती, तेही कळलं. खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं बोलायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पहिला नियम माझ्याकडून असा भीतीपोटी पाळला गेला.

"किती देतायत?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मी गप्पच. एवढ्यात वॉर्डातली घंटा वाजली. कोणाचं तरी सलाइन संपलं असणार. मी सवयीने उठले आणि दाराकडे निघाले.

"अगं, थांब," मागून आवाज आला. "बस जरा. जाईल दुसरी कोणी."

इतक्या वर्षांत या इमारतीत मला लोकांनी पाणी मागायला, भांडं मागायला, डॉक्टर कुठे आहेत विचारायला हाका मारल्या होत्या. मी जाऊ नये म्हणून कोणी हाक मारली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उगाच खुर्ची सरकवली. मेट्रनबाई म्हणाल्या, की त्या मालकांशी बोलल्या आहेत, तुझ्यासारखी वॉर्डातून गेली तर परवडणार नाही असं सांगितलं आहे. मग त्यांनी हळू आवाजात एक आकडा सांगितला. पेढेवालीपेक्षा तो थोडा कमीच होता, पण अनुभव मात्र पुरता धरला होता. तो किती, हे मी इथे लिहिणार नाही. पहिला नियम आता माझ्या अंगवळणी पडला आहे.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, आधीच्या बोलण्याबद्दल त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय झटकून विचारलं, "आणि वर काय घातल्यान?"

"वर म्हणजे?"

"भाव ठरलो की वर एक मासो मागतत. फुकट शिकलंस तू."

दुसऱ्या दिवशी मी परत मेट्रनबाईंकडे गेले आणि आमच्या नर्सिंग स्टेशनसाठी नवीन खुर्ची मागितली. आमच्या खुर्चीचं एक चाक कधीचं गेलं होतं, बसलं की ती पेशंटसारखी एका अंगावर व्हायची. बाईंनी लगेच हो म्हटलं. मी निघाले, तर त्यांनी हलकेच विचारलं, "ती गाडी खरंच आली होती का गं?"

"ते आईंनाच विचारा, मॅडम."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मला कधी कोणी गाडी पाठवली नाही," त्या म्हणाल्या. "मी मागितलंच नाही कधी काही. देतील ते घेतलं." आणि मग, स्टाफला रजा नाकारतात त्याच आवाजात, "तुझ्या सासूबाई रविवारी बाजारात किती वाजता असतात?"

रविवारी मीही पिशव्या धरायला गेले. आमच्या मेट्रनबाई सुती साडी नेसून पापलेटांसमोर उभ्या होत्या, आणि सासूबाई बाजूला उभ्या राहून हळूच सूचना देत होत्या. गालफडं उचलून झाली. नाक मुरडून झालं. भाव पटला नाही असा चेहरा करायचा होता. मेट्रनबाईंचा चेहरा मुळातच तसा असल्यामुळे ते फार छान जमलं.

"आता चलाक लागा," सासूबाई म्हणाल्या. "हळू. अगदी हळू."

मेट्रनबाई निघाल्या आणि बघता बघता कोथिंबिरीच्या गाड्यापर्यंत पोचल्या. आयुष्यभर घंटा वाजली की पळालेली बाई, तिला हळू चालता येणार कसं? कोळणीने सुरी खाली ठेवेपर्यंत त्यांची पाठ गर्दीत दिसेनाशी व्हायला लागली होती.

"तुमका नर्सांक हळू चालूक येना नाय," सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "थयच तुमचो सगळो पगार जाता."

तेवढ्यात कोळणीने हात तोंडाशी नेऊन जोरात हाक मारली, "ओ मॅडम, या इकडे, देते तुमच्या भावात." आणि आमच्या मेट्रनबाई, पदर सावरत, माणसांना बाजूला सारत, कोणाचं सलाइन संपल्यासारख्या धावत परत आल्या.